पाणी आल्यानंतरची कहाणी

हवामानबदल हा शब्द जागतिक परिषदांच्या भाषेतून मराठीत उतरला असला, तरी महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण तालुक्यांत तो बदल माणसाच्या दारापर्यंत येतो तो बहुधा विहिरीच्या वाटेने. पाऊस लांबला, महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळून गेला, किंवा ऐन दाणे भरण्याच्या वेळी त्याने दडी मारली, की त्याची नोंद सरकारी कोष्टकाच्या आधी विहिरीत होते आणि दिवाळीला दोन-तीन परस पाणी असलेल्या विहिरीचा तळ संक्रांतीलाच दिसू लागतो. अशा विहिरीचा मालक एकटा असतो, पण तिच्यातले पाणी मात्र एकट्याचे नसते. शेताचे बांध जमिनीच्या वरच थांबतात. खाली भेगांमधून आणि मुरमातून सरकणाऱ्या पाण्याला सातबारा ठाऊक नसतो, म्हणूनच एकाने बोअरवेल शंभर फूट अधिक खोल नेली की शेजाऱ्याची मोटार हवा ओढू लागते. गावाने मिळून काही करायचे तर या न दिसणाऱ्या पाण्याबाबत एकमत व्हावे लागते, आणि जे दिसत नाही त्याबाबत माणसांचे एकमत होते ते त्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीमुळे. येथे ‘गोष्ट’ या शब्दाचा अर्थ करमणुकीची कथा असा नाही. कोणी काय केले, त्याचे पुढे काय झाले आणि त्यामुळे आता काय करायचे, या तीन दुव्यांनी बांधलेले सांगणे म्हणजे गोष्ट. पाण्यासाठी संघटित झालेल्या महाराष्ट्रातील गावांचा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव पाहिला, तर हे सांगणे कोठे थांबते यावर बरेच काही अवलंबून असते, असे आढळते.

या अनुभवामागचे भूशास्त्र आधी समजून घ्यावे लागते. राज्याच्या चार-पंचमांशाहून अधिक भूभागाखाली बेसाल्ट, म्हणजे बोलीभाषेतला काळा पाषाण आहे. ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक साचून तो बनला आणि गंगेच्या मैदानातील गाळाप्रमाणे तो सच्छिद्र नाही. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात, दोन थरांच्या सांध्यात आणि खडकाच्या चिरांत. म्हणजे निसर्गाने गावाला हौद दिला आहे, पण तो उथळ आणि तुकड्या-तुकड्यांचा आहे. एका पावसाळ्यात भरतो आणि उपसा बेसुमार असेल तर त्याच वर्षात रिकामा होतो. पृष्ठभागाजवळचा हौद रिता झाल्यावर माणूस खोल जातो, तेव्हा त्याला अनेकदा फार जुने, पुन्हा सहजी न भरणारे पाणी लागते, आणि ते लागले म्हणजे झरा सापडला अशी समजूत होते. १९७२च्या दुष्काळानंतर विंधण यंत्रे गावोगाव फिरू लागली, तेव्हा या समजुतीनेच अनेक गावांचे नुकसान केले.

दुसरी बाब पावसाची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, आणि या पट्ट्यात महाराष्ट्राचाही भाग येतो. सरासरी पाऊस फारसा न बदलता त्याची पडण्याची तऱ्हा बदलते, आणि उथळ हौद असलेल्या प्रदेशाला ती तऱ्हाच जाचते, कारण तासाभरात पडलेले पाणी मुरण्याआधीच ओढ्याला लागते व जाताना सुपीक माती घेऊन जाते. शेतकऱ्याजवळ पावसाच्या तऱ्हेचे वर्णन करणारी भाषा पूर्वीपासून आहे, ती नक्षत्रांची. रोहिणीचा पाऊस मशागतीचा, मृगाचा पेरणीचा, हस्ताचा रब्बीच्या ओलीचा. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला बेडूक, म्हैस, हत्ती, गाढव असे वाहनही दिलेले असते आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधला जातो. वाहनांना शास्त्रीय आधार नाही. पण नक्षत्रे हे पावसाचे वेळापत्रक आहे आणि ते गोष्टीसारखे क्रमाने लक्षात राहते. याउलट हवामान विभागाचा एप्रिलमधला अंदाज दीर्घकालीन सरासरीच्या टक्केवारीत येतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य पाऊस, हे विधान अचूक असूनही कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातून पेरणीचा दिवस सापडत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणाऱ्या घटमांडणीच्या भाकिताकडे दरवर्षी इतके लोक कान लावून बसतात, याचे कारण त्या भाकिताच्या खरेपणात नसून ते महिन्यावार, पीकवार आणि माणसाच्या बोलीत सांगितले जाते यात असावे. विज्ञानाने घटमांडणीचे अनुकरण करू नये हे खरेच, पण तिच्या श्रोत्यांना हसण्याआधी आपले सांगणे कोठे कमी पडते हे पाहायला हरकत नसावी.

सामाईक साधनांच्या अभ्यासात गोष्टीचा प्रभाव किती खोल असू शकतो, याचे उत्तम उदाहरण खुद्द विद्वानांच्या जगातलेच आहे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली एक कल्पित गायरान वर्णन केले. त्यावर प्रत्येक गुराखी आपला एकेक प्राणी वाढवत जातो आणि शेवटी गायरान उजाड होते. हे गायरान कोणत्याही नकाशावर नव्हते, तरी त्या दृष्टान्तामुळे सामाईक मालमत्ता एक तर सरकारने ताब्यात घ्यावी किंवा खासगी करावी, हे मत जगभरच्या धोरणांत घट्ट रुजले. त्याला उत्तर दिले एलिनॉर ऑस्ट्रम यांनी, आणि तेही प्रत्यक्षातील गावांचे दाखले देऊन. स्वित्झर्लंडमधील टॉर्बेल या डोंगरी गावाने हिवाळ्यात पोसता येतील तेवढ्याच गाई उन्हाळी कुरणावर सोडण्याचा नियम शतकानुशतके पाळला होता; अशी कित्येक उदाहरणे गोळा करून ऑस्ट्रम यांनी दाखवले की नियम लोकांनी स्वतः केले, मोजणी सर्वांसमक्ष झाली आणि मोडणाऱ्याला झेपेल असा दंड बसला, तर सामाईक साधन टिकते. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हार्डिन यांच्या गोष्टीत गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत. ऑस्ट्रम यांच्या गावांत ते सतत बोलत असतात.

मराठी परंपरेत पाण्याविषयीचे असे बोलणे कोणत्या रूपात जपले गेले, हे पाहताना श्रावणातल्या कहाण्यांकडे वळावे लागते. शीतला सप्तमीची कहाणी घरोघरी वाचली जाते, पण जलव्यवस्थापनाच्या दृष्टीने तिच्याकडे क्वचितच पाहिले गेले आहे. तिच्यातला राजा गावाजवळ तळे बांधतो, तळ्याला पाणी लागत नाही, जलदेवता प्रसन्न होऊन सुनेचा थोरला मुलगा बळी मागतात, राजा सुनेला माहेरी धाडून तिच्या पश्चात बाळ तळ्यात ठेवतो आणि तळे भरते. ही कहाणी येथे संपली असती तर ती बळीची एक भयंकर कथा ठरली असती. पण खरी कहाणी पाणी आल्यानंतर सुरू होते: सून परत येते, तळ्याकाठी जाऊन सप्तमीचा वसा करते आणि तिचे मूल तिला परत मिळते. या रचनेत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पाण्याची किंमत प्रजेतल्या दुबळ्याकडून न मागता राजवाड्यातून मागितली गेली, ही पहिली. निर्णय सासऱ्याने घेतला आणि किंमत सुनेने मोजली, तिला न विचारता, ही दुसरी. ज्या घरांत पाण्याच्या योजना पुरुष ठरवतात आणि हंडे बायका वाहतात, तेथे ही खूण आजही ओळखता येते. तिसरी बाब वशाची. वसा म्हणजे ठरावीक काळी, ठरावीक रीतीने, दरवर्षी पाळायचे व्रत, आणि घेतलेला वसा सोडला तर लाभलेले जाते, हा कहाण्यांचा पक्का नियम आहे. म्हणजे कहाणी या वाङ्मयप्रकाराने सुखान्त आणि जबाबदारी यांची सांगड आधीच घालून ठेवली होती; सुफळ होण्याची अट वर्षानुवर्षे पाळायची असते, हे त्या ऐकणाऱ्याला वेगळे समजावून द्यावे लागत नसे.

आधुनिक काळात हे सांगणे देवाधर्माच्या चौकटीतून व्यवहाराच्या चौकटीत आले. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ साली पुऱ्या झालेल्या ग्रंथात, डोंगरउतारावर ताली व बंधारे अशा बेताने घालावेत की पावसाचे पाणी आधी शिवारात मुरून मग ओढ्यानाल्यांना मिळावे, असा उपाय सुचवला होता. पुढे शंभर वर्षांनी ‘माथा ते पायथा’ या नावाने जी पद्धत सर्वमान्य झाली तिचे सार त्यात आहे, तरी जलसंधारणाच्या भाषणांत त्याचा उल्लेख व्हावा तितका होत नाही. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) कीर्तनाचा सांगाडाच बदलला. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला प्रश्न विचारत कीर्तन करायचे, या त्यांच्या रीतीत उत्तर श्रोत्यांच्या तोंडून वदवून घेतले जाई. ज्याने चारचौघांत उत्तर दिले त्याला दुसऱ्या दिवशी त्याविरुद्ध वागणे अवघड होई. ग्रामसभेत हात वर करून घेतलेल्या ठरावाचे बळ नेमके याच जातीचे असते.

पाण्याची गोष्ट वेगळ्या प्रकारे सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे झाला. १९७२च्या दुष्काळात हजारो माणसे रोजगारासाठी खडी फोडत होती. पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांना या श्रमातून पुढच्या दुष्काळाला उपयोगी पडेल असे काहीच उभे राहत नाही, हे खटकले. त्यांनी नायगावात देवस्थानाची उजाड जमीन कराराने घेऊन तेथे बांधबंदिस्ती आणि पाझर तलावाचा प्रयोग केला, आणि त्यातून पाणी पंचायत ही चळवळ उभी राहिली. तिचे नियम साधे आणि स्फोटक होते. पाणी जमिनीच्या मानाने न देता घरातल्या माणसांच्या मानाने द्यायचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. ऊस घ्यायचा नाही. आणि खर्चाचा वाटा लाभधारकांनी उचलायचा. ‘माझी विहीर, माझे पाणी’ ही जी गोष्ट शेतकऱ्याच्या मनात बसलेली होती, तिच्या जागी ‘गावाचे पाणी, माझा वाटा’ ही दुसरी गोष्ट येथे ठेवली गेली. ही चळवळ राज्यभर का पसरली नाही याची कारणे अनेक सांगता येतील; त्यांतले एक हे की तिच्या गोष्टीत ऊस नव्हता, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या राजकारणात ऊस नसलेली गोष्ट ऐकायला फार कोणी बसत नाही.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने नियमांना जोड दिली ती हिशेबाची. वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे हे गाव सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्थलांतर, दारूच्या भट्ट्या आणि भांडणे यांसाठी ओळखले जाई. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि राळेगणसिद्धीच्या धर्तीवर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली गेली. पुढे सिंचनासाठी बोअरवेल घेण्यावरही बंदी आली. डोंगरावर सलग समतल चर निघाले, ओढ्यांवर बंधारे झाले, गवत वाढले, दूध वाढले. इतके बहुतेकांना ठाऊक असते, कारण हिवरे बाजारची गोष्ट सांगणारा बहुधा येथेच थांबतो. त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. २००४पासून गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली: पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी यांवरून उपलब्ध पाणी काढायचे, माणसे व गुरे यांचे पाणी आधी बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यात रब्बीला कोणती पिके किती घ्यायची हे ग्रामसभेत ठरवायचे. ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी उन्हाळी पीक नाही. पाणी आल्यावर मोकळे सुटण्याऐवजी गाव अधिक मोजके वागू लागले.

या गावाच्या गोष्टीत एक धोकाही आहे आणि तो गावाचा नसून सांगणाऱ्यांचा आहे. पद्मश्रीसह अनेक सन्मान पोपटराव पवार यांना मिळाले आणि ते योग्यच होते; परंतु वृत्तपत्रांत व भाषणांत ‘एका माणसाने गाव बदलले’ हे सूत्र इतके घोटले गेले की इतर गावे आपल्या पोपटरावांची वाट पाहू लागली. नायकाची गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड असते. मात्र विहिरीची पातळी मोजणारे हात, चराईबंदी पाळून शेळ्या विकणारे कुटुंब, उसाचे बेणे परत पाठवणारा शेतकरी, यांच्यावाचून कोणताही नायक नुसता वक्ता उरतो.

गोष्टीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत नियोजित वापर पाणी फाउंडेशनने केला. आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या पुढाकाराने २०१६ साली सुरू झालेल्या या संस्थेने ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही गावांची स्पर्धा वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत घेतली. त्याच एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, त्यामुळे दुष्काळ काय असतो हे कोणाला समजावण्याची गरज नव्हती. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू, पुढच्या वर्षी आर्वी तालुक्यातील काकडदरा हे कोलाम आदिवासींचे छोटे गाव, २०१८ला माण तालुक्यातील टाकेवाडी आणि २०१९ला बार्शी तालुक्यातील सुर्डी यांनी पहिला क्रमांक मिळवला. तीन तालुक्यांवरून स्पर्धा पंचाहत्तरावर तालुक्यांत गेली. एकमेकांचे तोंड न पाहणारे भावकीतले लोक पहाटे एकाच चरात उतरले, याचे श्रेय पाण्याच्या आकडेवारीला देता येणार नाही. शेजारच्या गावाने किती खणले, हा प्रश्न कामाला लावत होता.

स्पर्धेत उतरणाऱ्या गावकऱ्यांना जलसंधारणाचे प्रशिक्षण दिले जाई; त्यातले एक साधन जवळून पाहण्यासारखे आहे, कारण शास्त्र आणि सांगणे यांची गाठ त्यात पडते. डोंगरावरचा चर समतल रेषेवर खणावा लागतो. तो किंचितही उतरता झाला तर साठण्याऐवजी पाणी एका टोकाकडे धावते आणि चर फोडून घळ पाडते. ही रेषा डोळ्यांनी सापडत नाही. त्यासाठी दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधून पाय फाकवतात, मध्यावर आडवी काठी ठोकतात आणि वरच्या गाठीपासून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडतात. दोन्ही पाय एका पातळीत आले की ओळंब्याची दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेला टेकते. मग एक पाय रोवून दुसरा फिरवायचा, पुन्हा दोरी खुणेवर येईपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी फक्की टाकत पुढे जायचे. तासाभरात उतारावर पांढरी वळणदार रेघ उमटते, आणि ज्या बाईने शाळेचे तोंडही पाहिलेले नाही तीही दोरी खुणेवर नसल्याचे अभियंत्याला दाखवू शकते. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल अशा चराचा एक मीटर तुकडा एका वेळी १८० लिटर पाणी धरतो. पावसाळ्यात तो दहा वेळा भरून मुरला, तर मीटरमागे १,८०० लिटर. घरात दिवसाला किती हंडे लागतात हे ठाऊक असलेल्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो.

तरीही या मोहिमेवर झालेली टीका बाजूला सारता येत नाही. स्पर्धा उन्हाळ्यातल्या सुमारे पंचेचाळीस दिवसांची होती आणि दिवसांत मोजायचे तर खणलेले घनमीटरच मोजता येतात. पाणी मुरले का, कोठे गेले, कोणी उपसले, हे दिवसांत मोजता येत नाही. काही ठिकाणी यंत्रांनी ओढे गरजेपेक्षा खोल झाले, आणि ओढा खोल गेला की आजूबाजूच्या थरातले पाणी उलट त्यात पाझरून जाऊ शकते, हा भूजलतज्ज्ञांचा आक्षेप रास्त आहे. त्याहून गंभीर प्रश्न वाट्याचा. श्रमदानाला भूमिहीनही जातो, घामही गाळतो. मुरलेले पाणी मात्र ज्याच्या शेतात विहीर आहे त्याच्या मोटारीने वर येते. विजेत्या गावाच्या चित्रफितीत बंधाऱ्यावरून ओसंडणारे पाणी दिसते, पण ते पुढे कोणाच्या शेतात गेले ते दिसत नाही. पाणी पंचायतीने या स्पर्धेच्या सुमारे चाळीस वर्षे आधी ज्या प्रश्नापासून सुरुवात केली होती, तो प्रश्न सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या गोष्टीत पडद्यामागे राहिला. आणि जेथे पाणी आल्याबरोबर ऊस वाढतो, तेथे दोन-तीन वर्षांत पाण्याचा टँकर पुन्हा येऊ लागतो. भरलेल्या बंधाऱ्याचे छायाचित्र मात्र भिंतीवर तसेच राहते.

संस्थेने स्वतःच हे ओळखले असावे, असे तिच्या पुढच्या वाटचालीवरून दिसते. २०२० साली वॉटर कपच्या जागी ‘समृद्ध गाव स्पर्धा’ आली. तिची मुदत दिवसांऐवजी महिन्यांत मोजली जाऊ लागली आणि खोदाईच्या जोडीला पाण्याचा ताळेबंद, गवताळ रानांचे संरक्षण, मातीचे आरोग्य, झाडे आणि उत्पन्न यांना गुण मिळू लागले. पुढे ‘फार्मर कप’मध्ये स्पर्धा गावांची न राहता एकत्र शेती करणाऱ्या गटांची झाली. अशा स्पर्धांना पहिल्या कपाइतकी प्रसिद्धी मिळाली नाही, आणि ते साहजिकच होते. गवत वाढताना चित्रफितीत फारसे काही घडत नाही.

मराठवाड्यात, लातूरच्या १९९३च्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामातून वाढलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गोष्टीचा धागा चुलीपासून धरला. घरच्या जमिनीतला एक एकर बाईच्या ताब्यात द्यायचा आणि त्यात तिने ज्वारी, डाळी, भाज्या अशी कमी पाण्याची खाण्याची पिके सेंद्रिय रीतीने मिसळून घ्यायची, ही त्यांची पद्धत. सोयाबीन बुडाले तरी ताटात भाकरी आणि आमटी राहिली, हे शेजारणीला दाखवायला ना व्यासपीठ लागले ना पडदा. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. अशा केंद्रांवरून, सार्वजनिक कार्यक्रमांत बोलायला न उठणाऱ्या बायकांचे बोलणे माणदेशी बोलीत इतर बायकांपर्यंत पोहोचते. शीतला सप्तमीच्या कहाणीतल्या सुनेला तळ्याविषयी कोणी विचारले नव्हते. येथे निदान ती स्वतः बोलते.

गोष्ट आणि हिशेब या दोहोंना जोडणारी क्रिया म्हणजे शिवारफेरी. सरपंच, कृषिसहायक, म्हातारी माणसे, शाळेची मुले असा जथा डोंगराच्या माथ्यापासून खाली चालत येतो आणि जागोजागी थांबतो. येथला ओढा शिमग्यापर्यंत वाहायचा, मग संक्रांतीपर्यंत, आता दसऱ्यालाच खडखडतो, असे कोणी आजोबा सांगतात. ही तीन सणांची नोंद म्हणजे कोणत्याही यंत्राशिवाय राखलेली पन्नास वर्षांची भूजलाची आलेखरेषा आहे. अवर्षणप्रवण जिल्ह्यांतील सुमारे पाच हजार गावांत राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही गावाचा आराखडा करताना लोकांचा सहभाग आणि पाण्याचा ताळेबंद यांना स्थान दिले गेले. ताळेबंद हा शब्द दुकानाच्या वहीतला आहे, म्हणूनच तो गावाला परका वाटत नाही.

त्याचे गणित पाचवीतल्या मुलाला जमेल असे आहे. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते, म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. १,००० हेक्टर शिवाराच्या गावात ४५० मिलिमीटर पाऊस झाला तर एकूण ४५० कोटी लिटर पाणी आभाळातून आले. ऐकताना वाटते, आता कशाला चिंता. पण त्यातले बहुतेक बाष्प होऊन, पिकांतून उडून किंवा वाहून जाते आणि काळ्या पाषाणाच्या प्रदेशात दहावा हिस्सा मुरला तरी नशीब समजावे; तेव्हा जमिनीखाली आले ४५ कोटी. गावात १,५०० माणसे, माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे तीन कोटी. ८०० जनावरे, प्रत्येकी रोज ६० लिटर, म्हणजे पावणेदोन कोटी. पावणेपाच कोटी हा प्यायच्या पाण्याचा आकडा झाला आणि खाली अजून चाळीस कोटी दिसतात. पाटाने पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटर सहज लागतात. म्हणजे शिवाराच्या केवळ दोन टक्के क्षेत्रावर, वीस हेक्टरवर ऊस उभा राहिला की चाळीस कोटी संपले, आणि उरलेल्या ९८० हेक्टरांसाठी, ज्वारीच्या एका पाळीसाठी, हरभऱ्यासाठी, चाऱ्यासाठी जेमतेम पंचवीस लाख लिटर शिल्लक. तेच पाणी हरभऱ्याला दिले असते तर उसाच्या चौपट-पाचपट क्षेत्र भिजले असते.

हा हिशेब कागदावर सांगितला तर तो कृषी विभागाचे एक माहितीपत्रक होतो. तोच ग्रामसभेत, फळ्यावर खडूने, ज्यांचा ऊस आहे ते वीस हेक्टरवाले समोर बसलेले असताना मांडला की त्याला पात्रे मिळतात, संघर्ष मिळतो आणि पुढे काय होणार ही उत्कंठाही मिळते. ऊस मोडायचा की ठिबकवर न्यायचा, नवीन लागण थांबवायची की चालू खोडवा निघू द्यायचा, कारखान्याला नोंद दिलेली आहे तिचे काय करायचे, मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज कोणत्या पिकातून फेडायचे, हे प्रश्न तेथे विचारले जातात, आवाज चढतात, एखादा उठून जातो आणि पुढच्या बैठकीला परत येतो. काही गावे हा ताळेबंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेतात: पडलेला पाऊस, मुरलेले पाणी, गरज, तूट. दिवाळीच्या सुमारास रंगारी जुने आकडे पुसून नवे लिहितो, आणि तूट या शब्दापुढची जागा आधीच्या रंगांच्या थरांनी इतर जागांपेक्षा थोडी जाड झालेली असते.